तो बोटीवर, मी इंदुरात. आठवण येते तेव्हा तुम्ही कोणाशी बोलता?

रेवा_इंदूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला घेतलं कारण आता मनात मावत नाहीये. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी मूळची ग्वाल्हेरची, नोकरीमुळे इंदूरला, विजयनगरला फ्लॅटमध्ये एकटी राहते. तो इंदूरचाच, रामबागेतला. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, कंटेनर जहाजावर. लग्न झालेलं नाही. आमचं दोघांचं ठरलंय, घरच्यांचं ठरायचंय, म्हणजे दोन्हीकडे कुणकुण आहे आणि दोन्हीकडे विषय कोणी काढत नाही. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं, अधिक-उणे एक महिना. ज्यांच्या घरी कोणी शिपवर आहे त्यांना हा अधिक-उणे एक महिना काय असतो ते माहीत असेल. रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, वेळेवर मिळाला तर पाच, नाही मिळाला तर सात, दिवस मोजायला बसलं तरी मोजायचे किती तेच कळत नाही.

ज्याला ज्याला म्हणून सांगितलं त्याने एकच उपाय सांगितला, बिझी राहा. मी बिझीच आहे हो. ऑफिस आहे, जिम आहे, शनिवारी मैत्रिणींबरोबर छप्पन दुकानला खायला जाते, रविवारी कपडे, भाजी, आठवड्याची आवराआवर. आठवण काही मी मोकळी व्हायची वाट बघत बसत नाही, ती मीटिंगच्या मधेच येते, कांदा चिरताना येते, आणि आली की पोटात खड्डा पडल्यासारखं होतं आणि मग समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही.

त्याचा वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी, बारा ते चार असतो. दुपारी बारा ते चार आणि रात्री बारा ते चार, रोज. रात्रीचा वॉच संपला की तो मेसेज करतो, मग झोपतो. आता गंमत अशी, म्हणजे गंमत नाही, पण जहाज पश्चिमेला जायला लागलं की बोटीवरचं घड्याळ एकेक तास मागे घेतात. अरबी समुद्रात असताना त्याचे पहाटेचे चार म्हणजे आपले साडेपाच. मग साडेसहा. आफ्रिकेच्या खालच्या टोकाला पोचले की साडेसात. जायच्या आधी त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने आफ्रिका काढून दिली आणि कडेकडेने हे तास लिहून दिले, म्हणाला मेसेज किती वाजता आला त्यावरून मी कुठे आहे ते तुला कळेल. कळतं. आणि मेसेज एक तास लांबला की मला आनंद व्हायला हवा की प्रवास पुढे सरकला, पण तो एक तास मी नुसता फोन हातात धरून काढते. रात्री साडेतीनला आपोआप जाग येते, कारण तिकडे बारा वाजलेले असतात, तो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, चढत असतो. अलार्म वगैरे काही नाही.

त्याची बाइक माझ्या पार्किंगमध्ये आहे. बॅटरी बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा चालू करते. चावी फिरवली की न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो, मग स्टार्टर, मग जरा वेळ नुसती चालू ठेवून मी शेजारी उभी राहते. चालवता येत नाही मला, फार जड आहे. वॉचमन दर वेळी विचारतो, मैडम, भैया कब आ रहे, आणि मी दर वेळी सांगते, बस अगले महीने. हेल्मेट मात्र वर घरात आणून ठेवलंय. आतल्या पॅडिंगला त्याच्या केसांचा वास आहे, कपाळाच्या बाजूला जास्त, कानांपाशी कमी. पावसाळ्यात सगळ्या वस्तूंना कुबट वास लागतो म्हणून ते मी कपाटात कपड्यांच्या वरच्या खणात ठेवते आणि फार वेळा काढत नाही, कारण काढलं की वास थोडा उडतो असं मला वाटतं.

आणि आता जे खरं टोचतंय ते. कंपनीच्या फॉर्मवर नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळचं नातं, म्हणून त्याच्या आईचं नाव आहे. बरोबरच आहे, तेच असायला हवं. पण उद्या काही झालं तर फोन रामबागेत जाणार. मधे काही दिवस त्याचा मेसेज आला नाही, नकाशाच्या ॲपवरचा त्याच्या जहाजाचा ठिपकाही नाहीसा झाला, टीव्हीवर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांच्या बातम्या चालू. त्यांचं जहाज त्या बाजूला जातच नाही हे मला माहीत आहे, केपला, म्हणजे आफ्रिकेच्या त्या खालच्या टोकाला, वळसा घालून जातंय, तरी डोकं ऐकत नाही. त्याच्या घरापासून मी गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आणि मला तिथे जाऊन "काही कळलं का" एवढं विचारता येत नाही. कोण म्हणून विचारू?

तर प्रश्न हा की ही आठवण कमी कशी करायची हे मला नकोच आहे. मला ती कमी करायचीच नाही, ती त्याची आहे. मला ती कोणापुढे तरी मोकळेपणी बोलता यायला हवी आहे. तुम्ही काय करता? ज्यांचं माणूस लांब आहे, आणि ज्यांना त्या माणसाबद्दल चारचौघांत बोलायचा हक्क अजून मिळालेला नाही, त्यांनी खास लिहा.

---

रामबागवाला

रेवा, मनापासून लिहिलंयस. मी त्याच भागातला, पण तू काळजी करू नको, कोण ते विचारणार नाही आणि शोधणारही नाही.

माझं मत, माणसांत राहा. आपल्या इंदुरात रात्री एकटं वाटायचं कारण नाही, सराफ्याचा खाऊबाजार रात्री दोनपर्यंत जागा असतो. चार माणसं दिसली, दोन घास पोटात गेले की बरं वाटतं. मी पुण्यात शिकत असताना घरच्या आठवणीने जीव जायचा, तेव्हा गर्दीनेच वाचवलं.

---

रेवा_इंदूर

@रामबागवाला, धन्यवाद दादा. पण सराफ्यात तर जास्तच होतं. तिथे सगळे जोडीने नाहीतर घोळक्याने असतात, आणि भुट्ट्याचा कीस घेतल्यावर द्रोण कोणापुढे करायचा तेच सुचत नाही, आम्ही नेहमी एकातच खायचो.

---

खारं_पाणी

वडोदऱ्याचा आहे, चीफ ऑफिसर, सध्या सुट्टीवर घरी. दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण हे आमच्या घरच्यांना कोणी सांगत नाही.

आधी तो ठिपका. रेवा, ठिपका गायब झाला म्हणून घाबरू नकोस, प्लीज. जहाज आपली जागा कळवतं तो एआयएस सिग्नल किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत पोचतो तो साधारण ४० सागरी मैलांपर्यंत, हवा चांगली असली तर थोडा जास्त. त्यापुढे सॅटेलाइटने पकडतात आणि ते फुकटच्या ॲपमध्ये बहुतेक दाखवत नाहीत. म्हणजे किनारा सोडला की ठिपका जाणारच. शिवाय धोक्याच्या भागात कॅप्टन तो मुद्दाम बंदही ठेवू शकतो. ठिपका नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की जवळ जमीन नाही.

केपचा वळसा. २०२३ च्या शेवटापासून बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी सुएझ टाळायला सुरुवात केली, त्याने युरोपच्या एका फेरीला दहा-बारा दिवस जास्त लागतात. खाली दक्षिणेला या दिवसांत समुद्र फार खवळलेला असतो. तेव्हा धड झोप लागत नाही, बंकवर अंगाच्या दोन्ही बाजूंना उश्या, लाइफजॅकेट काय मिळेल ते कोंबून पडतो, उठल्यावर अंग मोडून आलेलं असतं. त्या दिवसांत मेसेज एका ओळीचा येतो किंवा येत नाही. त्याचं मन उडालं असं घरी वाटतं. मन जागेवरच असतं, हातात ताकद नसते.

नेटचं म्हणशील तर डिसेंबर २०२४ पासून एमएलसीच्या, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नव्या दुरुस्तीप्रमाणे जहाजमालकाने शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यायची आहे, पण कोटा प्रत्येक जहाजावर वेगळा. कोटा संपला की पुढची तारीख येईपर्यंत गप्प.

आणि अधिक-उणे एक महिना. २०२० मध्ये कोविडने बंदरं बंद झाली तेव्हा जगभरात अंदाजे ४ लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवरच अडकले होते, त्यात मी होतो. तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. ती जामनगरची. आम्ही फोनवर एकमेकांना तारीख विचारायचं बंद केलं होतं, कारण तारीख बोलली की ती पुढे जायची. त्याऐवजी आम्ही जेवणाचं बोलायचो. आज काय केलं, मीठ जास्त झालं का, डब्यात काय नेलं. सहा-सात मिनिटं फक्त भाजी-आमटीचं बोलणं. तुला सांगतो, मला तिच्या "आय मिस यू"पेक्षा "आज तुरीची डाळ शिजलीच नाही" याने जास्त भरून यायचं, कारण ते ऐकताना मी त्या स्वयंपाकघरात उभा असायचो.

फॉर्मचं सोपं आहे. नेक्स्ट ऑफ किन आई राहू दे, पण बहुतेक कंपन्यांत दुसरा इमर्जन्सी कॉन्टॅक्ट देता येतो. त्याला सांग, पुढच्या बंदरावर एक मेल टाकून तुझा नंबर घालून घे. नातं काय लिहायचं ते त्याचं तो ठरवेल.

---

साधा_माणूस

स्पष्ट लिहितो, राग नसावा. एवढा त्रास होतोय तर त्याला किनाऱ्यावरची नोकरी बघायला सांगा. रोज रात्री साडेतीनला उठणं हे काही प्रेमाचं लक्षण नाही, तब्येतीची हेळसांड आहे. दोघं तरुण आहात, पैसा पुढेही मिळेल.

---

रेवा_इंदूर

@साधा_माणूस, राग नाही. पण त्याला समुद्र आवडतो. पगारासाठी गेलेला नाही तो. रात्री ब्रिजवर सगळे दिवे बंद असतात, समोर काही नसतं आणि आकाश खालपर्यंत येतं, हे तो सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. तो आवाज मला हवा आहे. त्याला खुर्चीत बसवून मला जो मिळेल तो वेगळाच कोणी असेल.

@खारं_पाणी, ठिपक्याचं वाचून रडू आलं. एवढं साधं होतं ते. आणि जेवणाचं बोलणं आजपासूनच सुरू करते.

---

खारं_पाणी

@साधा_माणूस, शिवाय किनाऱ्यावरची चांगली नोकरी बहुतेक वेळा वरच्या परीक्षा झाल्यावरच मिळते, आणि पुरेसा सी टाइम, म्हणजे जहाजावर काढलेला काळ, भरल्याशिवाय त्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे लवकर परत यायचं असेल तरी आत्ता जावंच लागतं.

---

तानपुरा_ग्वाल्हेर

गाववाली भेटली, बरं वाटलं. मी ग्वाल्हेरला गाणं शिकते, म्हणून माझ्या बाजूने.

आपल्या ख्यालाच्या बंदिशी बघ. कितीतरी बंदिशींत ती एकटी आहे आणि तो परदेसी. आणि त्यात सासू आणि नणंद हमखास येतात. सुरुवातीला मला वाटायचं ही नुसती ठरलेली शब्दांची साखळी आहे, जागा भरायला. मग एकदा गुरुजींनी शिकवताना थांबवून विचारलं, ती हे सगळं कोणाला सांगतेय? तर सखीला. नेहमी सखीला. कारण घरात सासू जागी आहे, नणंद जागी आहे, मोठ्याने म्हणायची सोय नाही. म्हणजे तुझी जी अडचण आहे, तीच त्या गाण्यांचा पाया आहे. तो लांब आहे हे अर्धं दुःख आणि त्याचं नाव घेता येत नाही हे उरलेलं अर्धं. हे कळल्यापासून माझी विलंबित गायकी बदललीच, आवाज मी आपोआप आत ओढून लावायला लागले.

रागमालेच्या जुन्या चित्रांत तोडी रागिणी असते ना, एक बाई हातात वीणा घेऊन रानात उभी आणि भोवती हरणं जमलेली. ती पण एकटीच, प्रियकर लांब. पण तिला नुसती आसवं गाळत बसलेली दाखवलेलं नाही, तिच्या हातात वाद्य आहे आणि ऐकणारं कोणीतरी आहे, मग ते हरीण का असेना. मला ते चित्र फार आवडतं.

आणि पावसात आठवण जास्त येते याला कारण आहे. पूर्वी व्यापारी, सैनिक, गाडीवान पावसाळ्याच्या आत घरी परतायचे, कारण नंतर रस्तेच राहायचे नाहीत. आपल्या माळव्याची काळी माती माहितीच आहे, दोन पाऊस पडले की चाक रुतलंच. त्यामुळे पहिला ढग दिसला आणि माणूस दारात नाही म्हणजे आता चार महिने नाही, असा सरळ हिशेब होता. सातवाहनांच्या काळातल्या प्राकृत गाथांमध्ये एक बाई आहे, नवरा गेला त्याच दिवशी "तो आज गेला, तो आज गेला" म्हणत ती भिंतीवर रेघा ओढायला लागते आणि अर्धा दिवस व्हायच्या आत भिंत भरते. जवळपास दोन हजार वर्षं झाली त्याला. तू वहीच्या मागच्या पानावर जे करतेस ते मला तिचंच वाटलं.

एक तक्रार मात्र आहे माझी. हे सगळं बायकांच्या तोंडी, आणि त्यातलं बरंचसं लिहिणारे पुरुष. पुरुषाला आठवण येते की नाही? ढगाला उज्जैनवरून वाट वाकडी करून जायला सांगणारा यक्ष सोडला तर नावं पटकन आठवत नाहीत. इथल्या पुरुषांनी लिहा ना.

---

सयाजीबाग

लिहितो. डांडिया बाजारला राहतो, वडोदरा. ती टोरांटोला, आधी शिकायला, आता वर्क परमिटवर. आमच्या इथे दर दोन घरांतलं एक माणूस कॅनडात आहे त्यामुळे कोणाला त्यात विशेष वाटत नाही आणि तोच त्रास आहे. लोक म्हणतात, अरे दो साल की बात है. बस.

पुरुषाने सांगितलं की आठवण येते, तर मित्र खांद्यावर हात मारतात आणि विषय बदलतात. वाईट हेतू नसतो. त्यांना पुढे काय बोलायचं ते येत नाही.

नवरात्र सगळ्यात कठीण. बडोद्याचा गरबा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, मैदानात मधे गाणारे आणि भोवती हजारो माणसं गोल गोल. ती असताना आम्ही आतल्या रिंगणात जायचो, तिथे वेग जास्त असतो. मागच्या वर्षी मी फोन लावून मैदानाच्या कडेला उभा राहिलो. इथे रात्रीचे अकरा, तिथे दुपारचा दीड, ती लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या जिन्यात फोन भिंतीला टेकवून उभी. मी इकडे, ती तिकडे, तीन टाळीचा गरबा केला. नेटमुळे तिची टाळी जरा उशिरा यायची. माझा पाय वळून झाला की मग तिची टाळी. पहिले काही फेरे मी तिच्याशी जुळवायला हळू होत होतो, ती माझ्याशी जुळवायला घाई करत होती, आणखीनच चुकत होतं. मग ती म्हणाली, तू तुझा कर, मी माझा करते. तसं केलं. ढोल माझ्याकडचाच दोघांना, फक्त तिला थोडा नंतर. जिन्यात कोणीतरी आलं आणि तिने फोन खिशात टाकला, पण कट केला नाही, मला बराच वेळ तिच्या कोटाचा घासल्याचा आवाज येत होता आणि मी तो ऐकत उभा होतो.

रेवा, मी कोणाशी बोलतो विचारशील तर तिच्या धाकट्या भावाशी. क्रिकेट बघायच्या निमित्ताने जातो. तिचं नाव दोघंही फारसं काढत नाही. पण त्याच्या हसण्यात ती थोडी आहे.

---

अबोली_७

हेल्मेटचं पॅडिंग धुऊ नकोस. कोणी कितीही सांगितलं तरी.

---

महूची_काकू

अगं रेवा, तुझं वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझं वय सत्तरीच्या जवळ, टायपिंग हळू आहे, तीन वेळा उठून आले मधे.

आमचे हे पायदळात. १९८७ च्या शेवटी पलटण श्रीलंकेला गेली, आणि मी महूला सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, कडेवर मुलगी. लग्न झालेलं होतं त्यामुळे तुझ्यासारखी मुकी नव्हते, पण तरी बोलायचं कोणाशी गं? त्या सगळ्या क्वार्टरमध्ये प्रत्येकीचा नवरा तिकडेच, एकीने रडायला सुरुवात केली तर सगळी रांग रडेल म्हणून कोणीच रडायचं नाही असा न बोलता केलेला नियम होता. रात्री पावणेनऊच्या बातम्या लागल्या की सगळ्या घरांतले रेडिओ एकदम चालू आणि संपल्या की एकदम बंद.

पत्र ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या पोस्टाच्या, पत्त्यावर. यांनी जातानाच सांगितलं होतं, पाकिटावर कोपऱ्यात नंबर घालत जा, मीही घालतो, कारण पत्रं मागेपुढे पोचतात. तसंच व्हायचं. पुढचा नंबर आधी यायचा, त्यात लिहिलेलं असायचं की आता ताप उतरलाय, आणि ताप आल्याचं पत्र नंतर यायचं. मग मला बरं झालेलं माहीत असूनही त्या तापाची काळजी पुन्हा पहिल्यापासून. तुझं जसं घड्याळ तसं माझं ते नंबर. ट्रंक कॉलची तर गोष्टच सोड, तिकडून लागायचाच नाही.

आता तुला मोकळं सांगते, मोठी म्हणून. तू त्याच्या आईकडे जा. कोण म्हणून जाऊ विचारतेस ना, तर आता गणपती येतायत. गणपतीच्या दर्शनाला आमंत्रण लागत नाही, ओळख लागत नाही, आपल्याकडे रस्त्यावरचा माणूसही आत येऊन नमस्कार करून प्रसाद घेऊन जातो. पाच खडीसाखरेचे खडे घेऊन जा, नमस्कार कर, बस. त्या माऊलीला तरी त्याच्याबद्दल कोण विचारतंय तुझ्याइतकं? तिचाही मुलगाच आहे तो. माझ्या सासूबाई नागपूरला होत्या, मी महूला, दोघी एकाच माणसाची वाट बघत होतो आणि एकमेकींना पत्रात फक्त लोणची आणि हवापाणी लिहायचो. पुढे त्या गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत यांची तीच तीच पत्रं सापडली, घड्या घालून घालून फाटलेली. मला तेव्हा फार वाटलं की एकदा तरी आम्ही दोघींनी शेजारी बसून ती वाचायला हवी होती.

जा गं बाई.

---

रामबागवाला

काकूंना अनुमोदन. मी गर्दीचं म्हटलं होतं ते मागे घेतो, काकूंचं जास्त बरोबर आहे. आमच्या भागात पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांची दारं उघडीच असतात.

---

साधा_माणूस

मीही काकूंशी सहमत. फक्त एक सांगतो, खाणं सुटलं, झोप पूर्णच गेली, कामावर जाववेना असं झालं तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन उचलतात. काळजीपोटी लिहितोय.

---

रेवा_इंदूर

@साधा_माणूस, नंबर सेव्ह केला. अजून तसं नाही, पण माहीत असलेलं बरं.

@काकू, भीती वाटते हो. त्यांनी दारातूनच विचारलं तर? पण वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. बघते.

@सयाजीबाग, त्या कोटाच्या आवाजाचं काही लिहिता येणार नाही मला. फक्त वाचलं एवढं सांगते.

---

तानपुरा_ग्वाल्हेर

धागा वर आणतेय. गणपती बसले. रेवा?

---

रेवा_इंदूर

गेले होते.

सविस्तर लिहिते. पहिल्या दिवशी हिंमत झाली नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या वेळी गेले म्हणजे गर्दी असेल असं वाटलं, पण घरी फक्त त्याची आई आणि शेजारच्या एक आजी. दार उघडंच होतं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, ये रेवा. नावाने. मी त्यांना कधी भेटलेली नव्हते.

नमस्कार केला, प्रसाद घेतला, आजी गेल्या. मग शांतता. मग त्यांनी एकदम विचारलं, तुला त्याचा मेसेज किती वाजता येतो? मी म्हटलं आज साडेनऊला. तर त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मलाही दहाच्या सुमारास. आधी मी उठायच्या आत असायचा. मग चहाच्या वेळी, मग आंघोळीनंतर, आता पूजा होऊन जाते तरी नाही. त्यांना वाटत होतं तो आजारी आहे, रात्री झोपत नाही, आणि लपवतोय. कितीतरी दिवस हे मनात घेऊन बसल्या होत्या, त्याला विचारलं तर तो म्हणतो काही नाही गं आई, मग आणखीच संशय.

वही पर्समध्ये होती. ते मागचं पान काढून दाखवलं. हे बघा काकू, इथे होता तेव्हा साडेपाच, इथे साडेसहा, हा केप, इथे साडेसात, आता वर चढतोय पश्चिम किनाऱ्याने, म्हणून साडेनऊ. तो तसाच चार वाजताच मेसेज करतोय, आपलं घड्याळ पुढे आहे. त्यांनी चष्मा आणला, बोट ठेवून ठेवून सगळी आफ्रिका फिरल्या. मग म्हणाल्या, म्हणजे झोपतो ना वेळेवर? म्हटलं हो. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मीही.

नंतर दोन तास बसले. तो लहानपणी कसा होता ते त्या सांगत होत्या, आणि मी त्याचं नाव घेत होते, मोठ्याने, कितीतरी वेळा, एका घरात बसून. काही ठरलं वगैरे नाही, लग्नाचा शब्द निघाला नाही. निघताना त्यांनी कंपनीच्या ऑफिसचा नंबर लिहून दिला, त्यांच्याकडे जो आहे तो, आणि माझा नंबर घेतला. म्हणाल्या काही कळलं तर मी तुला करीन, तुला कळलं तर तू मला कर.

काकू, तुमच्यामुळे.

---

महूची_काकू

शहाणी गं माझी. आता दर आठवड्याला जात जा.

---

खारं_पाणी

वाचून बायकोला दाखवलं, दोघांचेही डोळे ओले. एक सुचवू? मुंबईहून कोणी त्याच्या जहाजावर जॉइन होणार असेल तर त्याच्या हाती छोटं पार्सल देता येतं. त्याला विचारून ठेव, कोणाचा रिलीव्हर कुठल्या बंदरावर चढतोय. घरचं खाणं बोटीवर आलं की तो दिवस वेगळाच असतो.

---

रेवा_इंदूर

विचारलं! पुढच्या महिन्यात थर्ड इंजिनिअरचा रिलीव्हर जातोय, मुंबईचाच मुलगा. लसूण सेव आणि जिरावन (आपला इंदुरी मसाला) मी देणार, त्याची आई लिंबाचं लोणचं म्हणतायत. चालेल का?

---

खारं_पाणी

सेव आणि जिरावन दुकानाचं सीलबंद पाकीटच घे, सुटं नको, कुठल्या देशाच्या कस्टम्सला काय खटकेल सांगता येत नाही. लोणचं घट्ट झाकणाच्या बरणीत, वरून दोन पिशव्या, आणि चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या सामानात काढून टाकतात. आणि त्या मुलाला आधी फोन करून विचार जागा किती आहे, त्याला स्वतःचं सहा महिन्यांचं सामान न्यायचं असतं. एक किलोच्या वर जाऊ नका.

---

रेवा_इंदूर

आम्ही दोघी एक किलोत बसवतो. त्याच्या आईंना लोणचं कमी करायला सांगायचं काम माझ्याकडे आलंय, उद्याच जाते.